पट्टा राहतो, कागद जातात

स्थूलपणावरच्या शस्त्रक्रियांच्या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत, पण रोजच्या बोलण्यात त्या दोन्ही 'वजन कमी करण्याचे ऑपरेशन' या एकाच नावाने ओळखल्या जातात. पहिल्या जातीत जठराचा मोठा भाग कापून काढला जातो किंवा बायपास करून अन्नाची वाट आतड्यात पुढे वळवली जाते. त्यानंतर शरीराची रचना कायमची बदलते, परंतु टायटॅनियमच्या बारीक पिना आणि टाके सोडले तर आत परके असे काही उरत नाही. दुसऱ्या जातीत जठराला फारसा धक्का न लावता त्याच्याभोवती किंवा त्याच्या आत एखादी तयार वस्तू बसवली जाते आणि भूक आवरण्याचे काम त्या वस्तूकडे सोपवले जाते. अशा वस्तूला वैद्यकात रोपण म्हणतात. दुसऱ्याचा अवयव बसवण्याला जे प्रत्यारोपण म्हणतात त्याहून हे निराळे, कारण रोपण निर्जीव असते, झिजले तर ते भरून येत नाही आणि शरीर बहुधा त्याच्याभोवती तंतुमय ऊतीचे कवच विणून त्याला कायम परक्यासारखेच वागवते. जठराभोवतीचा सिलिकोनचा पट्टा, जठरात फुगवून ठेवलेला फुगा, बायपासच्या वेळी नव्या लहान पिशवीभोवती घातलेले कडे आणि आतड्याच्या आतून सरकवलेले प्लास्टिकचे अस्तर ही या वर्गातली मुख्य उदाहरणे होत. या रोपणांच्या ज्या गुंतागुंती काही वर्षे उलटल्यावर उद्भवतात आणि ज्यांच्यापुढे पाठ्यपुस्तकांत बहुधा 'दुर्मीळ' असा शेरा आढळतो, त्यांचा हा आढावा आहे.

तो शेरा कोणी, कोठे आणि किती वर्षे मोजून दिला यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. दोन वर्षांच्या पाहणीत हजारात दहा-पंधरा जणांना होणारी गोष्ट बारा वर्षांच्या पाहणीत चौघांपैकी एकाला होत असेल, तर तिला दुर्मीळ म्हणावे की उशिरा येणारी म्हणावे, हा शब्दांचा खेळ राहत नाही. मोजणारा आणि रुग्ण एकाच गावात राहिले नाहीत, तर हा घोळ आणखी वाढतो. उदाहरणच घ्यायचे तर नाशिकचा गंगापूर रोड अशोक स्तंभापासून निघून के.टी.एच.एम. महाविद्यालय, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असा गोदावरीला जवळजवळ समांतर गंगापूर धरणाच्या दिशेने जातो, आणि गेल्या दोन-तीन दशकांत त्याच्या दोन्ही अंगांना रुग्णालये, निदान केंद्रे, व्यायामशाळा आणि आहारसल्ल्याची दालने दाटीने उभी राहिली आहेत. पट्ट्याची लाट महाराष्ट्रात आली तेव्हा अशा शस्त्रक्रिया प्रामुख्याने मुंबई-पुण्यात होत. त्यामुळे या रस्त्यावर राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीने तेव्हा तिकडे जाऊन किंवा परदेशातील नोकरीच्या काळात पट्टा बसवून घेतला असेल, तर आज पोट दुखू लागल्यावर ती जवळच्याच रुग्णालयात जाते. तो पट्टा ज्याने बसवला त्याच्या आकडेवारीत मात्र ती अजूनही 'गुंतागुंत नाही' अशीच नोंदलेली राहते. उशिरा येणाऱ्या गुंतागुंती कमी का दिसतात याचे एक कारण असे भूगोलात आहे.

पट्ट्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील आयोवा येथील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९८० मध्ये जठराच्या वरच्या भागाची उभी पिशवी शिवून तिच्या तोंडाशी पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीचे न ताणणारे कडे घालण्याची पद्धत रूढ केली. पुढे कडे बाहेरून सैल-घट्ट करता यावे या विचारातून स्वीडनमध्ये हॉलबर्ग आणि फोर्सेल यांनी, तर अमेरिकेत ल्युबोमिर कुझमॅक यांनी १९८५-८६ च्या सुमारास फुगवता येणारा सिलिकोनचा पट्टा तयार केला. सप्टेंबर १९९३ मध्ये बेल्जियममध्ये मितिकू बेलाचू यांनी तो प्रथमच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने, म्हणजे पोट उभे न चिरता लहान छिद्रांतून, बसवला. जून २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्याला मान्यता दिल्यावर जगभर पट्ट्याची चलती झाली. जठर कापावे लागत नाही, रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि नको झाला तर पट्टा काढता येतो, ही तिन्ही आश्वासने खरी होती, आणि म्हणूनच ती फार दूरवर पोचली. २०११ मध्ये अमेरिकेतील स्थूलपणाच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ३५ टक्के पट्ट्याच्या होत्या. २०१९ पर्यंत हे प्रमाण एका टक्क्यावर आले. भारतातही जठराची बाही करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया आणि बायपास यांनी पट्ट्याची जागा घेतली. इजिप्तहून सुमारे पाचशे किलो वजनाच्या ज्या महिलेला २०१७ मध्ये मुंबईत आणण्यात आले आणि जिच्यामुळे हा विषय मराठी घराघरांत चर्चिला गेला, तिच्यावरही स्लीव्हच करण्यात आली. थोडक्यात, पट्टा बसवण्याचा काळ सरला असला तरी पट्टा बाळगण्याचा काळ सरलेला नाही, आणि उशिरा येणाऱ्या गुंतागुंतींची वर्षे नेमकी आता सुरू आहेत.

पुढची चर्चा समजण्यासाठी या उपकरणाची घडण माहीत असणे आवश्यक आहे. अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या किंचित खाली पट्टा असा वेढला जातो की वर जेमतेम दोन-तीन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी उरते. पट्ट्याच्या आतल्या बाजूस फुग्यासारखे अस्तर असते. त्यातून एक बारीक नळी निघून पोटाच्या भिंतीतून वर येते आणि त्वचेखाली स्नायूवर शिवलेल्या एका छोट्या डबीला जोडलेली असते. या डबीला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही पोर्ट म्हणतात. पोर्टच्या रबरी पडद्यातून सुईने सलाईन आत घातले की पट्टा आवळतो आणि काढले की सैल होतो. यासाठी ह्युबर सुई नावाची खास सुई लागते, कारण तिचे वाकडे टोक रबराचा तुकडा न कापता आत शिरते. इंजेक्शनची साधी सुई वापरली तर पडद्याला कायमचे भोक पडून सलाईन झिरपत राहते. पट्टा योग्य आवळलेला असेल तर माणूस थोड्या घासांत तृप्त होतो. अधिक आवळला तर मऊ पांढरा पाव, चिवट मटण आणि चिकट भात हे पदार्थ सर्वांत आधी अडकतात. नाशिकसारख्या मिसळीच्या शहरात पावाची ही बंदी पाळणे किती अवघड, हे सांगायला आहारतज्ज्ञाची गरज नसावी.

उशिरा येणाऱ्या गुंतागुंतींत सर्वाधिक विचार झाला आहे तो पट्टा जठराच्या भिंतीत रुतण्याचा. वैद्यक साहित्यात त्याला क्षरण किंवा अंतःस्थलांतर म्हणतात. पट्टा बाहेरून हळूहळू भिंत झिजवत आत उतरतो. पट्टा फार आवळलेला राहणे, बसवताना भिंतीला सूक्ष्म इजा होणे, पट्ट्यावर जठराची घडी शिवून आणताना बकलवर ताण येणे आणि वेदनाशामक गोळ्यांनी अस्तराला व्रण पडणे अशी कारणे सांगितली जातात. आश्चर्याची गोष्ट अशी की जठराला भोक पडूनही रुग्णाला बहुतेक वेळा काही विशेष जाणवत नाही, कारण तंतुमय कवच भोवताली इतके घट्ट बसलेले असते की जठरातला आम्लरस पोटाच्या पोकळीत सांडतच नाही. पहिले लक्षण बहुधा भुकेचे असते: पट्ट्याचा अटकाव जातो, जेवण पुन्हा भरपूर जाऊ लागते आणि वजन वाढते, ज्याचा दोष रुग्णाच्या संयमाला दिला जातो. दुसरे लक्षण त्याहून फसवे आहे. वर्षानुवर्षे शांत असलेल्या पोर्टवरची त्वचा एकाएकी लाल होते, तिथे पू होतो, आणि त्याआधी अनेक महिने कोणी सुई टोचलेलीही नसते. जठरातले जंतू नळीच्या बाजूने चढत त्वचेपर्यंत आलेले असतात. अशा गळवाला चीर देऊन आणि प्रतिजैविके देऊन रुग्णाला घरी पाठवले तर काही आठवड्यांनी ते परत येते. पोर्टचा उशिरा उद्भवलेला जंतुसंसर्ग म्हणजे क्षरण असे गृहीत धरून एंडोस्कोपी करणे, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून जठर आतून पाहणे, हाच त्यावरचा शहाणपणाचा मार्ग ठरतो. दुर्बीण जठरात उलटी वळवून वर पाहिले की अस्तरातून डोकावणारा पांढरा पट्टा दिसतो.

या एका गुंतागुंतीचे आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे 'दुर्मीळ' या शब्दाची लवचिकता कळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात २५ अभ्यासांतील १५,७७५ रुग्णांपैकी २३१ जणांत क्षरण आढळले, म्हणजे सुमारे दीड टक्का. ऑस्ट्रेलियातील पॉल ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी पंधरा वर्षांच्या अनुभवावरून ३,२२७ रुग्णांचा अहवाल दिला त्यात हे प्रमाण ३.४ टक्के होते. ब्रसेल्समधील जाक हिंपेन्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९७ या काळात पट्टा बसवलेल्या १५१ जणांचा बारा वर्षांनंतर शोध घेतला; त्यांपैकी ८२ जण सापडले, सापडलेल्यांपैकी २८ टक्क्यांत क्षरण झालेले होते, सुमारे साठ टक्क्यांवर पुन्हा किमान एक शस्त्रक्रिया झालेली होती आणि जवळपास निम्म्यांचा पट्टा तोवर निघालेला होता. दीड आणि अठ्ठावीस यांतला फरक केवळ काळाचा नाही. सुरुवातीच्या वर्षांत पट्टा जठराला अगदी चिकटून नेला जाई. पुढे तो भोवतालच्या चरबीसह, थोडा दुरून नेण्याची पद्धत आली आणि परिणाम सुधारले. ओब्रायन यांच्याच मालिकेत वरची पिशवी फुगल्याने कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या पहिल्या दहा वर्षांतील ४० टक्क्यांवरून शेवटच्या पाच वर्षांत ६.४ टक्क्यांवर आल्या. तेव्हा हिंपेन्स यांचा आकडा सर्व पट्ट्यांना सरसकट लावणे अन्यायाचे होईल. पण त्याच अहवालातला दुसरा आकडा तितकाच बोलका आहे: एका लहान, सुसंघटित युरोपीय देशातही बारा वर्षांनी ४६ टक्के रुग्ण हाती लागले नाहीत. त्यांची अवस्था सापडलेल्यांपेक्षा बरी होती की वाईट, हे कोणालाच ठरवता येत नाही.

अधिक भरवशाचे उत्तर स्वीडनमधून येते, कारण तिथे प्रत्येक नागरिकाच्या रुग्णालयीन नोंदी एका ओळख क्रमांकाला जोडलेल्या असतात. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडिश स्थूलता अभ्यासातील दोन हजारांवर शस्त्रक्रियांचा मागोवा कमाल २६ वर्षे घेण्यात आला, तेव्हा पट्टा घातलेल्यांपैकी ४०.७ टक्क्यांवर, मेसन पद्धतीचे पिशवी-कडे असलेल्यांपैकी २८.३ टक्क्यांवर आणि बायपास झालेल्यांपैकी अवघ्या ७.५ टक्क्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया झालेली आढळली. अमेरिकेत वृद्ध आणि अपंगांसाठीच्या सरकारी विमा योजनेतील २५,०४२ पट्टाधारकांच्या देयकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १८.५ टक्के रुग्णांना उपकरणासंबंधी पुन्हा शस्त्रक्रिया लागली आणि अशा प्रत्येक रुग्णामागे सरासरी ३.८ शस्त्रक्रिया झाल्या. लक्षात घेण्यासारखे हे की या दोन्ही ठिकाणी मोजणारा शल्यविशारद नव्हता. एका ठिकाणी राष्ट्रीय नोंदवही होती आणि दुसरीकडे बिल भरणारा होता.

क्षरणापलीकडच्या काही गुंतागुंती खरोखरच इतक्या विरळ आहेत की त्यांची माहिती एकेका रुग्णाच्या वृत्तांतांतूनच मिळते. पूर्णपणे आत उतरलेला पट्टा कधी आतड्याच्या हालचालीबरोबर पुढे ढकलला जातो. त्याचे दुसरे टोक नळीने पोर्टला बांधलेले असल्यामुळे तो नांगरासारखा ताणला जातो आणि लहान आतडे त्याच्यावर चुण्या पडून अडते. जठराच्या वरच्या कडेने जाणाऱ्या डाव्या जठर धमनीपर्यंत झीज पोचली तर रक्ताची उलटी होऊन जीव धोक्यात येतो. नळीचा फास हाही असाच प्रकार: पोटाच्या पोकळीत मोकळी सोडलेली नळी आतड्याच्या एखाद्या वळणाभोवती अडकून अडथळा निर्माण करते, आणि नळी पोर्टपासून सुटली तर तिचे मोकळे टोक मोठ्या किंवा लहान आतड्यात शिरल्याचेही वृत्तांत आहेत, ज्यांपैकी काहींचा शोध भलत्याच कारणाने केलेल्या तपासणीत अचानक लागला आहे. पट्टा घसरणे त्या मानाने नेहमीचे आहे. पट्ट्याखालचे जठर वर सरकून पिशवी मोठी होते आणि साध्या क्ष-किरण चित्रात पट्ट्याचा कल बदललेला दिसतो. कण्याच्या रेषेशी पट्ट्याचा कोन साधारण ४ ते ५८ अंशांच्या दरम्यान असावा असा संकेत आहे. घसरलेल्या भागाचा रक्तपुरवठा पिळला गेला तर काही तासांत ते जठर काळे पडू शकते, म्हणून सतत उलट्या आणि पोटदुखी असलेल्या पट्टाधारकाच्या पोर्टमधून सलाईन ताबडतोब काढून घेणे हा पहिला उपचार मानला जातो, आणि तो करण्यासाठी मोठे केंद्र लागत नाही, एक ह्युबर सुई आणि पट्टा आहे ही माहिती लागते.

अन्ननलिकेची कहाणी संथ असते. वर्षानुवर्षे अडथळ्याविरुद्ध अन्न ढकलून ती रुंद होते, तिची लयबद्ध आकुंचने मंदावतात आणि अचलेशिया नावाच्या विकारासारखे, म्हणजे खालची झडप न उघडणाऱ्या अन्ननलिकेसारखे चित्र तयार होते. अशा माणसाला जेवताना फार त्रास होईलच असे नाही. त्याला रात्री आडवे झाल्यावर खोकला येतो, उशीवर आंबट पाणी दिसते, छातीत घरघर होते आणि दम्याचे पंप सुरू होतात. पट्टा सैल केल्यावर यातले बरेचसे उलटते, सगळेच उलटते असे नाही. याहून गंभीर आणि टाळता येण्याजोगी गुंतागुंत जीवनसत्त्व ब-१ म्हणजे थायमिनच्या अभावाची आहे. शरीरात थायमिनचा साठा दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो, त्यामुळे पट्टा किंवा फुगा असलेल्या माणसाला तेवढे दिवस सतत उलट्या झाल्या की मेंदूचा वेर्निके विकार होऊ शकतो, ज्यात डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो आणि बुद्धी भ्रमते. उलट्यांनी गळून गेलेल्या रुग्णाला आपल्याकडे पहिला आधार मिळतो तो ग्लुकोजच्या बाटलीचा. थायमिन आधी न देता ग्लुकोज चढवले तर शिल्लक थायमिनही त्यात खर्ची पडते आणि विकार उघड होतो. या संपूर्ण विषयात जिथे अज्ञानाची किंमत सर्वांत जास्त आणि उपायाची किंमत सर्वांत कमी आहे, अशी ही जागा आहे.

भारतीय वाचकांनी विशेष दखल घ्यावी असा आणखी एक धागा जंतूंचा आहे. क्षयाच्या जंतूंच्याच कुळातले, परंतु क्षय न करणारे आणि झपाट्याने वाढणारे काही जंतू नळाच्या पाण्यात आणि मातीत राहतात व सिलिकोनसारख्या पृष्ठभागावर चिकट थर करून टिकतात. ऑस्ट्रेलियात २००५ ते २०११ दरम्यान पट्ट्याशी निगडित अशा संसर्गाचे १८ रुग्ण नोंदले गेले. आपल्याकडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर छिद्रांच्या जागी याच जंतूंच्या चिघळत्या गाठी होतात हे शल्यविशारदांना चांगले ठाऊक आहे, आणि द्रावणात बुडवून निर्जंतुक केलेली हत्यारे नंतर साध्या पाण्याने धुणे हे त्याचे एक कारण सांगितले जाते. अशा गाठीचा तुकडा तपासल्यावर क्षयासारखे चित्र दिसते आणि ए.के.टी. म्हणजे क्षयाची औषधे सुरू होतात, ज्यांना हे जंतू बहुधा दाद देत नाहीत. जंतूंची वाढ करून त्यांची जात ओळखणे आणि पट्टा, नळी, पोर्ट हे सगळे काढणे यावाचून असा संसर्ग सहसा आटोक्यात येत नाही.

फुग्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तो मुळात काही महिन्यांचाच पाहुणा असतो. १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला गॅरेन-एडवर्ड्स फुगा हवेने भरलेला, नळकांड्याच्या आकाराचा आणि कडा असलेला होता. तो आपोआप फुटून आतड्यात अडकू लागला, जठराला व्रण पडू लागले आणि १९८८ मध्ये तो बाजारातून गेला. मधल्या काळात १९८७ मध्ये फ्लोरिडातील टार्पन स्प्रिंग्ज येथे जमलेल्या तज्ज्ञांनी चांगल्या फुग्याचे निकष ठरवले: तो गुळगुळीत असावा, द्रवाने भरावा आणि क्ष-किरणात दिसावा. पुढचे बहुतेक फुगे त्याबरहुकूम बनले. सहा महिन्यांसाठी बसवल्या जाणाऱ्या सलाईनच्या फुग्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग मिसळण्याची युक्ती मोठी साधी आहे, फुगा गळला की लघवी हिरवी-निळी होते आणि रुग्णाला स्वतःलाच धोका कळतो. तरीही फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकी नियामकांना दोन नव्या प्रकारांबद्दल इशारा द्यावा लागला: आत वायू साठून फुगा आपोआप अधिक फुगणे आणि मागच्या बाजूच्या स्वादुपिंडावर दाब येऊन त्याला सूज येणे. जून २०१८ पर्यंत, २०१६ पासून जगभरात द्रवभरित फुगे असलेल्या १२ रुग्णांच्या मृत्यूची माहिती त्यांच्याकडे जमा झाली होती. पूर्वी जठरावर शस्त्रक्रिया झालेल्यांना फुगा बसवू नये हा नियम मोडणे आणि मुदत उलटूनही फुगा न काढणे, या दोन गोष्टी गंभीर अपघातांच्या वृत्तांतांत वारंवार भेटतात. पोट उतरलेले असते, सहा महिने झालेले असतात, काढण्यासाठी पुन्हा खर्च आणि भूल असते. टाळाटाळ मनुष्यस्वभावाला धरूनच होते. गोळीसारखा गिळायचा आणि सुमारे सोळा आठवड्यांनी स्वतःच रिता होऊन शौचावाटे जाणारा फुगा आता भारतातही मिळतो, तो या टाळाटाळीवरचाच तोडगा आहे, मात्र रिता झालेला फुगा क्वचित लहान आतड्यात अडकतो.

आतड्याच्या अस्तराच्या बाबतीत मात्र दुर्मीळ गुंतागुंतीनेच उपकरणाचा निकाल लावला. लहान आतड्याच्या सुरुवातीला आतून सरकवलेली ही सुमारे साठ सेंटिमीटरची नळी धातूच्या काट्यांनी भिंतीला धरून राहत असे. २०१५ मध्ये अमेरिकेतील चाचणीत ३.५ टक्के रुग्णांच्या यकृतात पू झाल्याचे दिसताच ती चाचणी थांबवावी लागली, आणि २०१७ मध्ये उपकरणाची युरोपातील मान्यताही गेली. साडेतीन टक्के हा आकडा ओब्रायन यांनी दिलेल्या पट्ट्याच्या क्षरणाच्या आकड्याएवढाच आहे. एकाची चाचणी बंद होते आणि दुसरे दोन दशके विकले जाते, याचे कारण इतकेच की एकाच्या गुंतागुंती चाचणीच्या मुदतीत आल्या आणि दुसऱ्याच्या मुदत संपल्यावर.

उपकरणाचे आयुष्य आणि कंपनीचे आयुष्य यांचाही मेळ बसत नाही. सर्वाधिक वापरला गेलेला लॅप-बँड हा पट्टा ॲलर्गनकडून २०१३ मध्ये अपोलो एंडोसर्जरीकडे आणि २०१८ मध्ये रीशेप लाइफसायन्सेसकडे गेला. एथिकॉनने आपल्या रिअलाइज पट्ट्याचे उत्पादनच बंद केले. निरनिराळ्या पट्ट्यांत मावणारे सलाईन निरनिराळे असते, कोणात ४ मिलिलिटर तर कोणात १४, त्यामुळे पट्टा कोणत्या बनावटीचा हे माहीत नसेल तर तो भरलेला आहे की गळतो आहे हेही सांगता येत नाही. मार्च २०२५ पासून टिर्झेपटाइड आणि त्यानंतर सेमाग्लुटाइडची वजनासाठीची इंजेक्शने भारतात आल्यावर नवी रोपणे बसवण्याचे कारण आणखी कमी झाले आहे; ही औषधे जठर रिते होण्याचा वेग मंदावतात, म्हणून जुना पट्टा असलेल्या माणसाने ती सुरू केली आणि उलट्या होऊ लागल्या तर दोष औषधाचा की पट्ट्याचा, असा एक नवा पेच चिकित्सालयात येतो.

या सगळ्याच्या मुळाशी नोंदीचा प्रश्न आहे, आणि त्याबाबत महाराष्ट्राच्या गाठीशी एक कडू अनुभव आहे. डीप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा कृत्रिम सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या प्रकरणी पोलिसांत तक्रारही नोंदवली. पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या समितीसमोर भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेल्याचे आले, परंतु त्यांतल्या बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणा लागला नाही, कारण कोणता सांधा कोणाच्या खुब्यात आहे याची देशव्यापी नोंदवहीच नव्हती. जुलै २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची माहिती जमा करणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे सुरू झाला, २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषधाच्या व्याख्येत आली. पट्ट्यांचा बहर मात्र यातल्या बऱ्याच गोष्टींच्या आधीचा. दुसरीकडे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरला बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास ती ७२ तासांत द्यायची आहेत. तीन वर्षांनंतर ती रद्दीत गेली तर नियमभंग होत नाही. सिलिकोनला अशी मुदत नसते. रोपणाच्या खोक्यातून निघणारी, बनावट आणि अनुक्रमांक छापलेली चिकटपट्टी केसपेपरवर लावण्याची पद्धत चांगली असली, तरी ती केसपेपरइतकीच टिकते. रुग्णाला दिलेले छोटे ओळखपत्र घर बदलताना हरवते. मग गंगापूर रोडवरच्या शल्यविशारदापुढे येते ते क्ष-किरण चित्रातले एक पांढरे कडे आणि 'मुंबईला बसवला होता, डॉक्टरांचे नाव आठवत नाही' एवढे वाक्य.

राहतो तो प्रश्न काहीही त्रास न देणाऱ्या पट्ट्याचा, आणि त्यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. एक मत असे की वजन आटोक्यात आहे, उलट्या नाहीत, तर ठरावीक अंतराने क्ष-किरण आणि गरज पडल्यास एंडोस्कोपी करत पट्टा राहू द्यावा. दुसरे मत असे की वय वाढत जाते, हृदयविकाराची औषधे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मागे लागतात, आणि आज सोपी असलेली काढणी उद्या तातडीची होऊ शकते. काढल्यानंतर बहुतेकांचे वजन पुन्हा वाढते, म्हणून त्याच वेळी बायपास किंवा स्लीव्ह करावी का, की कवचाची सूज ओसरू देऊन दोन-तीन महिन्यांनी करावी, याबाबतही केंद्राकेंद्रांची रीत वेगळी आहे. क्षरण झालेले असेल तर मात्र या दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी थांबण्याकडेच बहुतेकांचा कल दिसतो. अर्ध्याहून अधिक आत आलेला पट्टा तोंडावाटेही काढता येतो: एक बारीक तार त्याच्याभोवती फिरवून तिची दोन्ही टोके तोंडातून बाहेर घेतात, बाहेरच्या यंत्राने ती आवळून पट्टा कापतात आणि पोर्ट वेगळ्या चिरेतून काढल्यावर तो ओढून घेतात. पट्टा निघाला तरी त्याने घडवलेले तंतुमय कवच जागेवर राहते, आणि सलाईन नसलेल्या, पट्टाच नसलेल्या त्या कड्यामुळे काही रुग्णांना नंतरही घास अडकल्यासारखा वाटतो; तेव्हा काढणीच्या शस्त्रक्रियेत हे कवचही उकलावे, असे अनुभवी शल्यविशारद सांगतात.